कवडशातली धूळ: घरच्या सुतारकामात बारीक भुसा आवरण्याची रीत

सँडिंग संपलं, खोली झाडली, यंत्रं पुसली, तासभर उलटला. आता एक प्रयोग करा. दारं-खिडक्या लावून दिवे घालवा आणि एक प्रखर टॉर्च टेबलावर आडवा ठेवा. स्वतः झोताच्या समोरच्या अंगाला, जरा तिरपं उभं राहा, म्हणजे टॉर्च तुमच्याकडे तोंड करून असेल. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा असा धरा की टॉर्चची काच दिसणार नाही, फक्त झोत दिसेल. लहानपणी कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात कण नाचताना पाहिले असतील, तसंच काहीतरी दिसायला लागेल, फक्त कितीतरी दाट. कारखान्यातली धूळ तपासणारेही हीच युक्ती वापरतात. तिला टिंडल झोत म्हणतात.

हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा माझी खोली चकचकीत होती. जमिनीवर भुशाचा कण नव्हता. आणि झोतात धुकं होतं.

या लेखात पुढे जे काही सांगितलंय ते या धुक्यासाठी आहे. जमिनीवरचा भुसा हा सफाईचा प्रश्न आहे, तो झाडूने सुटतो.

आधी थोडा हिशेब

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. करवतीतून उडणारा जो भुसा आपल्याला दिसतो, तो याहून मोठा. १०० मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली बसतो. १० मायक्रॉनच्या कणाला, पाण्याइतकी घनता धरली तर, दीड मीटर खाली यायला आठेक मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळपास बारा तास, तेही हवा अगदी स्तब्ध असेल तर. खोलीत माणूस चालतोय, यंत्राचा पंखा फिरतोय म्हटल्यावर तो कण खाली बसतच नाही म्हणा ना. म्हणून सकाळचं काम संपवून संध्याकाळी खोलीत गेलात तरी सकाळचीच धूळ श्वासात जाते.

मोठे कण नाकात आणि घशातच अडकतात. चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण मात्र फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात, टाकलं. तो कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा. फर्निचरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांत तो दिसला. गंमत अशी की तिथे दोषी ठरतात ते नाकात अडकणारे थोडे मोठे कणसुद्धा. त्यामुळे 'मोठी धूळ निरुपद्रवी' असं समजून तिला सूट देऊ नका.

सुट्टीच्या दिवशी दोन तास रंधा मारणाऱ्याने हे वाचून हत्यारं विकायला काढण्याचं कारण नाही. पण अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीसाठी सुचवलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत १ मिलीग्रॅम. आता घरची खोली मोजा: समजा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.७ मीटर उंच. घनफळ सुमारे ६५ घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेत ६५ मिलीग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. एका ग्रॅमचा पंधरावा भाग. चिमूट म्हणावी एवढीही नाही. एका फळीचा एक पृष्ठभाग सँडरने (घासकागद लावलेल्या यंत्राने) घासताना याच्या कितीतरी पट धूळ निघते. कारखान्यातल्या हवेला निदान मोठं छप्पर असतं, आपल्याकडे चार भिंती आणि बंद दार.

पायरी १: मास्क आजच आणा

धूळ आवरण्याच्या उपायांत मास्कचा नंबर खरं तर शेवटचा लागतो, कारण तो खोलीतली धूळ एका कणानेही कमी करत नाही. तरी खरेदीत तो पहिला. बाकीची व्यवस्था उभी राहायला महिने लागतील आणि तोवर तुम्ही श्वास घेणारच आहात.

नाकाला बांधलेला रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क बारीक कणांना उपयोगाचा नाही. हवा कडेने आत शिरते. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्या. पुष्कळ सँडिंग करत असाल तर बदलत्या गाळण्यांचा, रबरी चेहऱ्याचा अर्धमुखवटा घ्या आणि त्याला पी१०० किंवा पी३ गाळण्या लावा. तो दिसतो बोजड, पण चेहऱ्याला नीट बसतो आणि श्वासाला हलका जातो.

'चेहऱ्याला नीट बसतो' हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही पट्टे लावा, एक मानेवर, एक डोक्यावर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा. जोरात श्वास सोडून बघा: डोळ्यांकडे हवा आली, चष्मा धुकटला, की फट आहे. दाढी असेल तर फट असतेच. घट्ट बसणारा कुठलाही मास्क दाढीवर बसत नाही. दाढी प्रिय असेल तर हवा पंख्याने आत ढकलणारा, सैल टोपासारखा मुखवटा हाच पर्याय उरतो.

यंत्र बंद केलं की लगेच मास्क काढायची सवय बहुतेकांना असते. मलाही होती. टॉर्चचा प्रयोग आठवा: यंत्र थांबल्यावरच्या अर्ध्या तासात हवा जवळजवळ तशीच असते. झाडताना, भुशाची पिशवी रिकामी करताना तर मास्क हवाच. दिवसातली सगळ्यात वाईट पाच मिनिटं तीच असतात.

पायरी २: धूळ कमी निर्माण करा

लाकूड कापणं वेगळं आणि घासणं वेगळं. धारदार पातं लाकडाचा छिलका काढतं, छिलका जड असतो, पायाशी पडतो. घासणारा कागद लाकडाचं पीठ करतो. रंध्याने साफ केलेल्या फळीभोवती टॉर्च मारून बघा, जवळजवळ काही दिसणार नाही.

त्यामुळे नवशिक्यांना माझा पहिला आग्रह असतो तो हातरंध्याला धार लावायला शिकण्याचा, आणि दुसरा हातातल्या स्क्रेपरचा. स्क्रेपर म्हणजे नुसता पोलादी पत्रा, कडेला बारीकशी वळलेली धार काढलेला. धार बरोबर असेल तर त्यातून कागदासारखे पातळ छिलके निघतात. पीठ निघायला लागलं की समजायचं धार गेली. यंत्रांचंही तेच. बोथट पातं लाकूड कापत नाही, रगडतं आणि जाळतं. राउटरच्या (खाचा आणि कडा कोरणाऱ्या यंत्राच्या) बिटावर काळपट राळ साठली असेल तर ती साफ करा, फरक लगेच कळतो.

सँडिंग लागणारच आहे तिथे कागदाच्या नंबरांचा क्रम पाळा (नंबर मोठा तितका कागद बारीक): ८०, १२०, १८०. मधला नंबर गाळला की पुढच्या कागदावर दुप्पट वेळ घासत बसावं लागतं आणि सगळी धूळ बारीक नंबरची निघते. वरून वॉर्निश किंवा लॅकरचा थर येणार असेल तर १८० किंवा २२० च्या पुढे जाऊन हाती काही लागत नाही. ४०० पर्यंत घासून आरशासारखं केलेलं लाकूड थराखाली तसंच दिसतं जसं २२० चं. शेवटचा हात तेलाचा असेल तर ओल्यातही चालणारा (वेट-अँड-ड्राय) कागद वापरून, तेलातच घासता येतं. त्यात धुळीचा चिखल होतो, ती उडत नाही.

एमडीएफबद्दल वेगळं सांगतो. ते मुळातच लाकडाचे बारीक तंतू राळेने चिकटवून बनवलेलं असतं, आणि ती राळ बहुधा फॉर्मल्डिहाइडची असते. कापलं की छिलका नाही, पीठच. मोठे तक्ते विकत घेतानाच मापात कापून मिळत असतील तर कापून आणा. नाहीतर उघड्यावर कापा. सागवान, शिसम यांसारख्या लाकडांच्या धुळीने काही जणांच्या अंगावर पुरळ येतं, नाक वाहायला लागतं, आणि वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीतलं प्लिकॅटिक आम्ल तर दमा उभा करतं. एकदा ॲलर्जी सुरू झाली की पुढे अगदी थोड्या धुळीनेही त्रास होतो. एखाद्या लाकडाने दोनदा त्रास दिला तर तिसऱ्यांदा 'बघू या' म्हणू नका.

पायरी ३: सँडरला नळी जोडा

घरच्या खोलीत धुक्याचा सगळ्यात मोठा कारखाना बहुधा हातातला सँडर असतो. कारण उघड आहे: तो पीठच बनवतो, आणि तुमचं नाक त्याच्यापासून दोन हातांवर असतं. आनंदाची गोष्ट म्हणजे आटोक्यात आणायलाही हाच सगळ्यात सोपा.

सँडरला जी छोटी पिशवी किंवा डबी येते ती म्हणजे चाळणी आहे. मोठं ठेवते, बारीक सोडते. ती काढा आणि तिथे व्हॅक्यूमची नळी लावा. व्हॅक्यूममध्ये बारीक धुळीची कागदी किंवा कापडी पिशवी आणि मागे हेपा गाळणी असली पाहिजे. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी. साध्या फोमच्या गाळणीचा व्हॅक्यूम एका बाजूने धूळ ओढतो आणि मागून तीच, फक्त आणखी बारीक, खोलीभर फेकतो. कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर तंतोतंत बसवा. जाळीचे कागद मिळतात, त्यांत भोकं जुळवायची कटकटच नसते आणि धूळ सगळीकडून ओढली जाते; ते मला तरी भोकांच्या कागदापेक्षा फार पटलेत.

ओढ जास्त झाली तर सँडर लाकडाला चिकटतो आणि पृष्ठभागावर गोल ओरखडे उमटतात. अशा वेळी व्हॅक्यूमचा वेग कमी करा किंवा नळीवरची झडप थोडी उघडा. नळी छताला दोरीने टांगली तर हाताला ओझं होत नाही, आणि जे हाताला ओझं होत नाही तेच माणूस रोज वापरतो.

पायरी ४: मोठ्या यंत्रांची धूळ उगमाशी पकडा

इथे बहुतेक नवे लोक गोंधळतात, म्हणून जरा थांबतो.

व्हॅक्यूम आणि डस्ट कलेक्टर (मोठ्या पंख्याने यंत्रांचा भुसा ओढून पिशवीत जमा करणारं यंत्र) ही दोन वेगळी जनावरं आहेत. व्हॅक्यूमची ओढ जबर, पण हवा थोडी. साधारण १०० ते १५० घनफूट दर मिनिटाला. बारीक नळीतून, लांबून, अरुंद तोंडातून तो काम करू शकतो. डस्ट कलेक्टरची ओढ दुबळी, पण हवा भरपूर. त्याला रुंद, आखूड, सरळ नळ लागतो. म्हणून सँडर, राउटर, डॉमिनो (सांध्यासाठी लांबट खाचा पाडणारं यंत्र) यांसारखी हातातली यंत्रं व्हॅक्यूमला. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), जाडी रंधणारं यंत्र, बँड सॉ (पट्टीसारख्या सलग पात्याची करवत) कलेक्टरला. कलेक्टरच्या नळाला अडीच इंची तोंड लावून सँडर जोडलात तर जेमतेम फुंकर जाईल.

नळाच्या रुंदीचा हिशेब व्यासाच्या वर्गावर चालतो. ४ इंची नळाचं तोंड अडीच इंचीपेक्षा अडीचपटीहून मोठं, आणि ६ इंची नळाचं तोंड ४ इंचीच्या सव्वादोनपट. भुसा नळात न बसता वाहत राहायला हवेचा वेग मिनिटाला ४००० फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाने ४ इंची नळातून सुमारे ३५० घनफूट हवा जाते, ६ इंचीतून ७८५. छिलके ओढायला पहिला आकडा पुरतो, बारीक धूळ पकडायला दुसऱ्याच्या जवळ जावं लागतं. म्हणून कलेक्टरचं तोंड ६ इंची असेल तर नळही जमेल तितका यंत्रापर्यंत ६ इंचीच न्या. आणि खोक्यावर छापलेला आकडा नळ, गाळणी काही न लावता मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली धरा. घड्यांची लवचीक नळी हवेला फार अडवते, ती शेवटच्या हातभर अंतरापुरतीच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकर मारून विझवता येते. तेवढ्या अंतरावरून हवा आत ओढून विझवून दाखवा! ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. नळाच्या तोंडापासून एका व्यासाइतकं लांब गेलात की हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली उतरतो. ४ इंची नळ करवतीपासून वीतभर लांब ठेवून 'लावलाय की' म्हणणं म्हणजे मनाचं समाधान. तोंड धुळीला चिकटून हवं, किंवा धुळीभोवती खोकं हवं.

त्या दृष्टीने एकेक यंत्र बघा. टेबल सॉचा भुसा दोन ठिकाणी निघतो: टेबलाखाली आणि टेबलावर. खालची पेटी बंद करून नळ लावलात तरी पात्याचे दात वर येताना बारीक धूळ थेट तुमच्या छातीकडे फेकतात. त्यासाठी पात्यावरच्या संरक्षक झाकणालाच नळी लागणारं झाकण घ्या, बोटंही वाचतात. मायटर सॉ (वरून खाली आणून फळी आडवी किंवा कोनात कापणारी करवत) हा सगळ्यांत नाठाळ. त्याच्यामागे तिन्ही बाजूंनी आणि वरून बंद असं खोकं बांधा, आतली मागची बाजू नळाकडे उतरती ठेवा. तरीही काही निसटेल. मी मायटर सॉ शेवटी दाराबाहेर चाकांच्या टेबलावर नेला आणि तो प्रश्नच मिटला. राउटर टेबलला फेन्समधून (लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीतून) एक आणि खालून, राउटरभोवतीच्या खोक्यातून एक अशा दोन जागा द्या. खोक्याला हवा आत यायला छोटी फट ठेवायला विसरू नका, नाहीतर नळ ओढणार काय? बँड सॉमध्ये टेबलाच्या अगदी खाली, जिथे पातं लाकडातून बाहेर पडतं तिथे, तोंड हवं. खालच्या चाकाच्या पेटीला कारखान्यातून आलेलं तोंड एकटं पुरत नाही.

वापरात नसलेल्या यंत्रांच्या नळांना सरकती झडप बसवा आणि एका वेळी एकच उघडी ठेवा.

पायरी ५: गाळणी आणि चक्रीवादळाची बादली

माझ्या पहिल्या कलेक्टरला कापडाची मोठी पिशवी होती. विकणाऱ्याने तिचं फार कौतुक केलं. पिशवी ३० मायक्रॉनची निघाली. म्हणजे जी धूळ फुफ्फुसात जाते ती सगळी कापडातून आरपार, वर पंख्याने खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवलेली. त्या महिन्यात मला आधीपेक्षा जास्त खोकला झाला. १ मायक्रॉनची पिशवी किंवा घड्यांची कार्ट्रिज गाळणी लावा. नवी गाळणी पहिले काही दिवस थोडी गळते. आतून धुळीचा पातळ लेप बसला की बरं अडवायला लागते, त्यामुळे रोज आपटून आपटून साफ करू नका. हवा कमी झालीय असं वाटलं की मगच झटका, तेही बाहेर, मास्क लावून.

गाळणी लवकर तुंबू नये म्हणून तिच्या आधी सायक्लोन लावतात. हा शंकूच्या आकाराचा भाग असतो. त्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि बरीच स्वच्छ झालेली हवा पुढे जाते. व्हॅक्यूमसाठी बादलीवर बसणारा छोटा सायक्लोन ही मला या सगळ्या सरंजामातली सगळ्यात फायद्याची वस्तू वाटते. फक्त बादली जाड घ्या. मी रंगाची रिकामी पातळ बादली लावली होती. एकदा नळीवर चुकून पाय पडला आणि बादली दाणकन आत चेपली. बादली अर्ध्याच्या वर भरू देऊ नका, भरली की भुसा परत वर उचलला जातो आणि सगळा गाळणीत जाऊन बसतो.

कलेक्टरची हवा थेट बाहेर सोडता आली तर गाळणीची चिंताच उरत नाही. पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट ठेवा. बंद खोलीत गॅसवर चालणारं पाणी तापवण्याचं यंत्र किंवा शेगडी असेल तर ही ओढ त्यांचा धूर धुराड्यातून उलटा खोलीत आणू शकते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तसं यंत्र असेल तर हा उपाय नकोच. बाहेर धूळ कुणाच्या खिडकीत जाते हेही बघा.

पायरी ६: हवा गाळणारा डबा

उगमाशी निसटलेल्या धुळीसाठी खोलीची हवाच गाळावी लागते. पण नुसता छताला डबा टांगून सँडर मोकळा चालवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. धूळ आधी तुमच्या नाकासमोरून जाते, मग डब्यात. डबा असतो तो यंत्र थांबल्यानंतरच्या वेळासाठी.

किती मोठा घ्यायचा? तासाला खोलीची हवा आठ वेळा तरी फिरली पाहिजे असं धरा. आपल्या ६५ घनमीटरच्या खोलीला ५२० घनमीटर दर तासाला, म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० घनफूट. हवा नीट मिसळत असेल तर खोलीच्या घनफळाइतकी हवा तीनदा गाळली की ९५ टक्के धूळ जाते. तासाला आठच्या हिशेबाने तीन फेऱ्यांना बावीस-तेवीस मिनिटं. मास्क आणखी किती वेळ ठेवायचा याचं उत्तर हेच.

इथे गाळणी शंभर टक्के असण्याची गरज नाही, कारण तीच हवा पुन्हा पुन्हा येते. दर फेरीला ८० टक्के अडवणारी पण दुप्पट हवा ओढणारी गाळणी हेपाला सहज मागे टाकते. म्हणूनच २०२० मध्ये करोनाच्या साथीत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला घरगुती डबा सुतारांनीही उचलला: चार बाजूंना मर्व (गाळणी किती बारीक कण अडवते याचं मोजमाप) १३ दर्जाच्या घड्यांच्या गाळण्या, खाली पुठ्ठा, वर चौकोनी पंखा हवा वर फेकणारा, फटींना चिकटपट्टी. पंख्याच्या कोपऱ्यांवरून हवा उलटी आत येते, म्हणून पंख्यावर मध्ये गोल भोक पाडलेला पुठ्ठा लावा. सुतारकामात गाळण्या लवकर भरतात. बाहेरून हलकेच व्हॅक्यूम फिरवला की काही आठवडे आणखी चालतात.

डबा अशा ठिकाणी ठेवा की धूळ त्याच्याकडे जाताना तुमच्या तोंडावरून जाणार नाही. खिडकीत पंखा लावून हवा बाहेर काढत असाल तेव्हाही हेच. पाठीवरून हवा घेऊन काम करू नका. अंगासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ तिथेच घोटाळते. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जावी, तुम्ही तिला आडवे उभे असावं.

पायरी ७: सफाई, आणि आगीबद्दल दोन शब्द

झाडूने आणि हवेच्या फवाऱ्याने बसलेली धूळ पुन्हा उठते, दुसरं काही होत नाही. हेपाचा व्हॅक्यूम फिरवा, मग ओल्या फडक्याने पुसा. दाराच्या वरची कड, दिव्याची पट्टी, छताचा पंखा विसरू नका. पंखा सुरू केला की महिन्याभराची धूळ एका मिनिटात परत हवेत. काम करतानाचा अंगरखा गुळगुळीत कापडाचा घ्या आणि तो खोलीतच काढून ठेवा. लोकरी कपड्यांतून धूळ घरच्या सोफ्यापर्यंत प्रवास करते.

लोखंड घासायचं असेल तर लाकडाचा कलेक्टर बंद, नळी काढलेली. एक ठिणगी पिशवीत जाऊन तासन्तास धुमसू शकते. जुन्या लाकडातले खिळे कापण्याआधी शोधून काढा. वॉर्निश किंवा तेल लावलेलं लाकूड घासल्यावर सँडरची किंवा व्हॅक्यूमची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा. ती धूळ आपोआप तापून पेटल्याची उदाहरणं आहेत. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. ती एकेक उलगडून उघड्यावर वाळवा, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

काम झालं का, हे कसं कळेल

टॉर्च आहेच. शिवाय पीएम २.५ मोजणारं छोटं लेझर मीटर मिळतं. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका खरा नसतो आणि मोठे कण ते कमीच मोजतं, पण तुलनेला उत्तम. काम सुरू करण्याआधी आकडा लिहून ठेवा. मग एकाच फळीवर पाच मिनिटं सँडर चालवा: एकदा पिशवीसह, एकदा व्हॅक्यूम जोडून, एकदा व्हॅक्यूम आणि डबा दोन्ही लावून. प्रत्येक वेळी सर्वांत वरचा आकडा आणि पहिल्या आकड्यावर परत यायला लागलेली मिनिटं नोंदवा, आणि पुढची पाळी आकडा पूर्ण उतरल्यावरच सुरू करा. मीटर सँडरशेजारी नको, नाकाच्या उंचीवर, तुम्ही उभे राहता तिथेच टांगा. माझ्या वहीत अशी तीन पानं भरली तेव्हा कळलं की खोलीत सगळ्यात जास्त धूळ मी टेबल सॉवर करत नव्हतो, तर कडांना हाताने कागद मारताना करत होतो, मास्क काढून ठेवल्यावर.